दिसले नाही, हेही लिहा

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे येऊन पडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे तर्क लढवून झाल्यावर ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. असंख्य लोकांनी ते दृश्य पाहिले, मोबाइलमध्ये टिपले, एकमेकांना पाठवले. पण मोबाइलच्या चित्रफितीत फक्त उजेड दिसतो. तो कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेला, क्षितिजापासून किती वर होता, नेमके किती वाजून किती मिनिटे झाली होती, हे ती आपणहून सांगत नाही. ते पाहणाऱ्याने लिहून ठेवावे लागते. आपण आकाश बघतो पुष्कळ. त्याविषयी लिहितो मात्र फार थोडे. पेटलेले रॉकेट सगळ्यांनाच दिसते, म्हणून त्याच्या बाबतीत ही उणीव एक वेळ चालून जाईल. ज्या गोष्टी मुळातच अंधूक आहेत, दिसल्या न दिसल्या अशा हद्दीवर आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र नोंद नसलेले पाहणे आणि न पाहणे यांत फारसा फरक उरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच कोरपना तालुक्यासारख्या भागात अशा अंधूक गोष्टींची शिस्तशीर नोंदवही ठेवली जायला हवी, असे माझे म्हणणे आहे. आणि ते छंदाच्या हौसेपोटी नाही.

अंधूक गोष्टी म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका. ग्रह आणि चंद्र वगळून सूर्यमालेपलीकडचे हे जे काही दुर्बिणीतून, द्विनेत्रीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते, तो हौशी निरीक्षकांचा खास प्रांत. त्यासाठी कोरपन्याची जागा चांगली आहे. साधारण पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे उत्तरेकडची देवयानी दीर्घिका इथे डोक्याजवळ येते आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ दक्षिण क्षितिजाच्या तेवीसेक अंश वर चढतो. लंडनच्या निरीक्षकाला तो जन्मात घरून दिसत नाही. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ इथून चांगला उंच येतो. मेच्या उकाड्यात गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्याला मध्यरात्रीनंतर धनु-वृश्चिकाचा सगळा पट्टा फुकटात मिळतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला माणिकगडचे डोंगर आणि जिवतीचे पठार, तर खाली गडचांदूर, आवारपूर, उपरवाही अशी चुनखडीवर उभी राहिलेली सिमेंटच्या कारखान्यांची मालिका. काळोख आणि झगमगाट एकाच परिसरात इतके शेजारी असण्याचा योग सगळीकडे येत नाही. म्हणूनच इथल्या नोंदींना मोल आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी २०२३ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास पाहावा. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहून पाठवलेल्या ५१,३५१ नोंदी त्यासाठी तपासल्या होत्या. ठरावीक तारकासमूहात किती अंधूक तारा दिसतो, एवढेच या लोकांनी कळवले होते. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की रात्रीच्या आकाशाचा कृत्रिम उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे. हा वेग राहिला तर आठ वर्षांच्या आत तो दुप्पट होतो. उपग्रहांच्या मोजमापांत मात्र वाढ याहून बरीच कमी दिसत होती. याचे कारण यंत्रात आहे. रात्रीचे दिवे टिपणारा प्रमुख उपग्रह-संवेदक साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश पाहतच नाही आणि आपले पिवळे सोडियमचे दिवे जाऊन आले ते निळसर पांढरे एलईडी. शिवाय आडवा पसरणारा प्रकाश वरून नीट कळत नाही आणि उपग्रह डोक्यावरून जातो तोही मध्यरात्र उलटल्यावर. थोडक्यात, कोट्यवधींच्या यंत्राला जे सुटले ते माणसाच्या डोळ्याने आणि त्याने लिहिलेल्या एका ओळीने पकडले. मात्र या नोंदी बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. बाकीच्या जगाचे आकडे मोजक्याच नोंदींवर उभे आहेत, हे त्या अभ्यासकांनीही मान्य केले आहे. या बाकीच्या जगात आपणही येतो.

तारे मोजण्यापेक्षा अंधूक वस्तू पाहणे ही अधिक कठोर परीक्षा आहे. तारा हा ठिपका असतो, त्याचा प्रकाश एका जागी गोळा झालेला असतो. त्रिकोण समूहातली एम ३३ ही दीर्घिका कागदावर ५.७ प्रतीची, म्हणजे निर्मळ काळोखात नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल अशी. पण तो सगळा प्रकाश पूर्णचंद्राच्या बिंबाहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो. आकाश जरासे उजळले की ती आधी नुसत्या डोळ्यांना, मग द्विनेत्रीलाही दिसेनाशी होते. त्याच रात्री त्याच प्रतीचे तारे मात्र दिसत राहतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये काळोखाची जी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तीत ही दीर्घिका कशी दिसते याला महत्त्वाचे स्थान आहे ते याचसाठी. हवेत धूळ असली की दुहेरी नुकसान होते. ताऱ्याचा प्रकाश खाली येताना अडतो आणि गावाचा प्रकाश वर जाऊन त्याच धुळीवर विखुरतो. उजेड किती, धूळ किती आणि कोणाची, हा निवाडा नोंदवहीने करू नये. ते तिचे कामच नाही. एम ३३ अमुक नोव्हेंबरात अमुक गच्चीवरून दिसली आणि पाच वर्षांनी त्याच गच्चीवरून, त्याच द्विनेत्रीतून, तितक्याच निरभ्र अमावास्येला दिसली नाही, एवढे तिने सांगावे. तेवढे पुरे आहे.

यावर लगेच विचारले जाते की न दिसलेल्या गोष्टीची नोंद कसली करायची. शेतकऱ्यांच्या तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागू नये. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद रोज होते आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहिले जाते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा निकष नुकसानभरपाईच्या वेळी किती कळीचा ठरतो, हे कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पावसाचा खंडही त्या शून्यांच्या रांगेवरूनच ठरतो. कोरड्या दिवशी रकाना रिकामा सोडला असता तर पाऊस नव्हता की माणूस गैरहजर होता, हे कोणाला सांगता आले असते? आकाशाच्या नोंदवहीचेही असेच आहे. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांनी परसातल्या दुर्बिणीला स्वतः डोळा लावून चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधले. शेकडो दीर्घिकांभोवतीच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना तोंडपाठ होती, म्हणून त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक फार होते. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची चिकाटीने केलेली निष्फळ निरीक्षणांची नोंद. कोणती दीर्घिका कोणत्या रात्री पाहिली आणि काही नवे आढळले नाही, हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्या नोंदींच्या आधारे १९८७ मध्ये व्हॅन डेन बर्ग आणि मॅक्लुअर या व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी त्यांच्यासह दीर्घिकांमध्ये अतिनवतारे किती वारंवार होतात याचा दर काढला. सापडलेले अतिनवतारे हा त्या भागाकाराचा अंश होता, छेद मात्र हजारो ‘काही नाही’ नोंदींनी भरला. जॉन हाइंडने १८५२ मध्ये वृषभ राशीत पाहिलेला तेजोमेघ पुढच्या दशकात दिसेनासा झाला, तेही दुसऱ्याने त्याच जागी पाहून ‘नाही’ असे नोंदवले म्हणून कळले.

दुसरा मुद्दा तपशिलाचा. माणूस लिहिताना चुका करणारच, मग अशा चुकीच्या नोंदींचा काय उपयोग, असे काहींना वाटते. शार्ल मेसिएच्या यादीचा इतिहास याचे सुंदर उत्तर देतो. मेसिए पॅरिसचा धूमकेतू-शोधक. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या पण न हलणाऱ्या वस्तूंनी फसगत होऊ नये म्हणून त्याने अठराव्या शतकात त्यांची यादी केली. आज हौशी निरीक्षकांची ती बाराखडी आहे, एकूण ११० वस्तूंची; वर आलेले एम ७ आणि एम ३३ हे तिच्यातलेच क्रमांक. त्यातल्या ४७ व्या क्रमांकाच्या जागी आकाशात काहीच सापडत नव्हते. मेसिएने जवळच्या ताऱ्यापासूनचे अंतर मोजताना अधिक-उण्याची गफलत केली होती. चिन्हे उलटी करताच ठसठशीत तारकागुच्छ हाती लागतो, हे कॅनडाच्या टी. एफ. मॉरिस यांनी १९५९ मध्ये दाखवले. क्रमांक ९१ चे कोडे १९६९ मध्ये टेक्सासमधले हौशी निरीक्षक विल्यम विल्यम्स यांनी उलगडले. मेसिएने मोजमाप एका दीर्घिकेपासून घेतले आणि हिशेब करताना दुसरीच धरली, असे त्यांच्या लक्षात आले. जवळपास दोनशे वर्षांनी चूक दुरुस्त होऊ शकली, कारण मेसिएने ‘छान तेजोमेघ दिसला’ एवढे लिहून वही मिटली नव्हती. कुठून, किती आणि कोणत्या बाजूला, हे त्याने लिहिले होते. तपशीलवार चूक दुरुस्त होते, मोघम खरे मात्र कायमचे मोघम राहते. विल्यम हर्शेलच्या २,५०० वस्तूंच्या याद्यांमागेही अशीच शिस्त होती आणि ती बरीचशी त्याच्या बहिणीची, कॅरोलाइनची होती. भाऊ दुर्बिणीला डोळा लावून ओरडून सांगायचा. ती घड्याळापाशी दिव्याच्या उजेडात बसून वेळ आणि शब्द टिपायची आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत करायची. लिहिणारा वेगळा असला की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सरावलेला अंधार मोडत नाही, हा त्यातला व्यावहारिक धडा दोघांच्या कोणत्याही गटाला आजही उपयोगी पडेल.

मग वहीत लिहायचे काय? सगळ्यात आधी तारीख. आणि इथेच पहिला घोळ होतो. रात्र दोन तारखांवर पसरते. रात्री एक वाजताचे निरीक्षण १४ तारखेचे की १५ चे, हे वर्षभराने आठवत नाही. म्हणून ‘१४-१५ नोव्हेंबरची रात्र’ असे लिहून पुढे भारतीय प्रमाणवेळ द्यावी. साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ नंतर कोणीही काढील. ठिकाण, साधन, किती पट मोठे दिसत होते, चंद्र होता की नव्हता, धुके-ढग-धूळ आणि त्या रात्री ठरवून घेतलेल्या एका तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना दिसलेला सर्वांत अंधूक तारा कोणता, हे प्रत्येक रात्रीच्या माथ्यावर यावे. त्याखाली एकेका वस्तूसाठी तिचा क्रमांक, थेट दिसली की तिरप्या नजरेनेच जाणवली, आकार, कडा, मधला भाग उजळ की सपाट, आणि जमल्यास पेन्सिलचे साधे रेखाटन. रेखाटनावर उत्तर आणि पश्चिम दाखवलेली हवी. दुर्बीण स्थिर ठेवली की तारे ज्या बाजूने बाहेर सरकतात ती पश्चिम. लाल जिलेटीन गुंडाळलेला टॉर्च, शिवलेली वही, पानांना क्रमांक आणि शेवटी वस्तूनिहाय सूची. सूची नसलेली वही भरली की मेली. कारण एम ३३ च्या नोंदी हव्या असताना चार वर्षांची पाने कोणी उलटत बसत नाही. आणि एक पथ्य: जे दिसले ते आधी लिहावे, मोबाइलवर त्याचे छायाचित्र नंतर पाहावे. हबल दुर्बिणीने काढलेले चित्र आधी पाहिलेल्या माणसाला डोळ्यापुढे नसलेले सर्पिल भुजही दिसू लागतात. मार्चमध्ये एका रात्रीत सगळ्या ११० वस्तू उरकण्याच्या मॅरेथॉनचे मला याच कारणाने फारसे अप्रूप नाही. त्यात खूण करायला वेळ असतो, पाहायला नसतो.

डोळा माणसागणिक बदलतो, हा आक्षेप खरा आहे. साठीतल्या डोळ्याला आणि पंधराव्या वर्षाच्या डोळ्याला एकच आकाश सारखे दिसत नाही. पण वहीला दोन माणसांची स्पर्धा लावायची नसते. तोच निरीक्षक, तेच साधन, तीच जागा, तीच वस्तू, असे जितके घटक स्थिर ठेवता येतील तितका उरलेला बदल आकाशाचा मानता येतो. एकाच रात्री तिघांनी एकमेकांना न सांगता लिहिले तर डोळ्यांतला फरक किती, हेही मोजता येते. यंत्रांविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाया दुर्बिणीने जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. आता तर मोबाइलला जोडलेली छोटी दुर्बीण दहा मिनिटांत रंगीत तेजोमेघ दाखवते. तिथे पेन्सिलीने काय साधणार? नवे तारे शोधण्यात काही नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. ओमेगा सेंटॉरीविषयी कोरपन्याहून कोणी खगोलशास्त्राला नवीन काही सांगेल, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. पण गाया अवकाशातून पाहत होती. तिला कोरपन्याच्या रात्रीचा पत्ता नव्हता. आणि स्मार्ट दुर्बीण उजळ आकाशातला प्रकाश गणिताने वजा करून सुंदर चित्र देते, म्हणजे जे आपल्याला मोजायचे आहे नेमके तेच ती पुसून टाकते. तिची चित्रे जरूर जपावीत, वहीची जागा त्यांना देऊ नये.

तिसरी अडचण तर्काची नाही, जिवाची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात रात्री शेतशिवारात जाणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. काळोखासाठी जंगलाच्या कडेला जा, असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. शाळेची किंवा घराची गच्ची, तीही गटाने, हीच योग्य जागा. तिथे आकाश थोडे उजळ मिळेल, पण जागा कायम राहील आणि तुलनेला कायम जागाच लागते. पावसाळ्याचे चार महिने गेले तरी ऑक्टोबर ते मे हा काळ हाती उरतो. खर्चही फार नाही. साधी १० बाय ५० ची द्विनेत्री पुरते आणि कृत्तिकांमधले तारे मोजायला, पुष्य नक्षत्रातला धूसर पुंजका पाहायला तीही लागत नाही.

या कामाला इथे पूर्वपीठिका नाही, असेही समजू नये. राजुरा-कोरपन्याचा मुलूख निझामाच्या राज्यात होता आणि त्याच राज्याच्या हैदराबादेतील निजामिया वेधशाळेने १९१४ पासून आकाशाच्या जागतिक छायाचित्र-सूचीतला आपल्या वाट्याचा दक्षिण पट्टा टिपला, लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून खंडांमागून खंड छापले. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्याची मुख्य रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसते, ही त्यांची नोंद नॉर्मन लॉकियरसारख्या बड्या शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध गेली. हौशी म्हणावे तर बंगालमध्ये जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांची ३७ हजारांहून जास्त निरीक्षणे लिहून ठेवली आणि अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेने त्यांना १९२६ मध्ये दुर्बीण पाठवली, ती त्यांच्या नोंदी पाहूनच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. आणि इथल्याच डोंगरांतल्या गोंड-कोलामांच्या आकाशज्ञानाचे काय? मयंक वाहिया आणि गणेश हलकारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गावांत फिरून केलेले अभ्यास २०१३ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते ज्ञान लेखी नव्हते, म्हणून ते टिपायला बाहेरून माणसे यावी लागली. तालुक्यातली वही मराठीत असावी, गोंडी-कोलामी नावांना तिच्यात रकाना असावा. क्रमांक जगाचे, वर्णन आपले. त्यात काही बिघडत नाही.

या वह्यांतून सरकारदरबारी काही निष्पन्न होईल का? नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून फक्त खाली उजेड पाडणारे बसवले गेले, आणि ही मान्यता टिकवायची तर आकाशाच्या काळोखाची मोजमापे पुढेही देत राहावी लागतात. जिवतीच्या पठाराला उद्या असे काही मागायचे असेल, किंवा गडचांदूरच्या एखाद्या वस्तीला रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकण बसवून हवे असेल, तर ‘पूर्वी तारे जास्त दिसायचे’ या वाक्यावर कोणतेही कार्यालय हलणार नाही. दहा वर्षांचे रकाने समोर ठेवले तर निदान फाइल उघडेल. मात्र दहा वर्षे वही टिकायची तर ती एका हौशी शिक्षकाच्या कपाटात राहून चालणार नाही. बदलीबरोबर शिक्षक जातो, त्याच्याबरोबर वही जाते आणि मागे राहिलेल्या मुलांना पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मूळ वही शाळेच्या दप्तरी, एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात आणि दरवर्षी मेअखेर तिची छायाचित्रे संगणकावर, एवढी व्यवस्था पहिल्याच वर्षी करावी. कोरपना, गडचांदूर, नांदा, जिवती इथल्या प्रत्येकी एका शाळेने यंदा पावसाळा उतरल्यावरच्या पहिल्या अमावास्येला गच्चीवर जावे, सहा-सात वस्तू कायमच्या ठरवून घ्याव्यात आणि त्यांपैकी जी दिसणार नाही तिच्यापुढे वेळेसह ‘दिसली नाही’ असे स्पष्ट लिहावे.